दोन रुळांमधला खांदा

मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा अशी स्थानके मागे टाकीत १८६७ साली नागपुरास पोहोचला. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत त्याच मार्गावरील मूर्तिजापूर या तालुक्याच्या गावी उत्तरेकडून अचलपूरचा व आग्नेयेकडून यवतमाळचा असे दोन लहान फाटे येऊन मिळाले, तेव्हा या गावाच्या वाट्यास असे एक काम आले की ज्याचा उल्लेख वेळापत्रकात कोठेही होत नसे आणि ज्यावाचून त्या फाट्यांवरची एकही गाठ मुंबईच्या गोदीपर्यंत जाऊ शकत नसे. मोठ्या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर साडेपाच फूट, तर फाट्यांच्या रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. सबब लहान गाडीचा डबा मोठ्या मार्गावर चढणे अशक्य, आणि यवतमाळ, दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव येथून आलेला माल मूर्तिजापुरास उतरवून मोठ्या वाघिणींत पुन्हा भरणे क्रमप्राप्त. अभियंत्यांनी रुळांत जो फरक ठेवला तो भरून काढण्याचे काम माणसाच्या खांद्याकडे आले. त्या खांद्याचा, त्याला होणाऱ्या एका विशिष्ट दुखापतीचा आणि तिच्यावर होत आलेल्या उपचारांचा इतिहास येथे सांगावयाचा आहे; कारण वऱ्हाडच्या कापसाविषयी पुष्कळ लिहिले गेले, परंतु तो ज्यांनी उचलला त्यांच्या शरीराची विचारपूस त्या मानाने फारच थोडी झाली.

अहमदनगरच्या मूर्तजा निजामशाहाने १५७४ साली इमादशाही बुडवून वऱ्हाड आपल्या राज्यास जोडले, आणि मूर्तिजापूरचे नाव त्याच शाहाशी जोडण्याची परंपरा आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यावर महसुलाची घडी बदलली, आणि १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा या काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक महत्त्व प्राप्त झाले. आगगाडी आली, तिच्या पाठोपाठ जिन आणि प्रेस आले, सरकी काढण्याचा घरोघरचा रेचा मागे पडला, आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत बंड्यांची रांग बाजाराकडे लागू लागली. १९१० साली किलिक निक्सन कंपनीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली; यवतमाळचा ११३ किलोमीटरचा आणि अचलपूरचा ७६ किलोमीटरचा हे दोन्ही फाटे तिच्याच मालकीचे. लोकांनी पुढे ज्या गाडीला ‘शकुंतला’ म्हटले ती हीच. १९२१ साली मँचेस्टर येथे घडविलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत चालत होते, आणि १९५१ च्या सुमारास देशातील बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या तरी ही खाजगी कंपनीकडेच राहिली, या दोन गोष्टींचे कौतुक वृत्तपत्रांतून वारंवार होते. ते कौतुक मलाही वाटते. परंतु इंजिनाची दुरुस्ती कोणी व कशी केली हे जितक्या आस्थेने सांगितले जाते, तितक्याच आस्थेने त्या मालधक्क्यावरील माणसांची दुरुस्ती कशी होत असे हेही विचारले गेले पाहिजे, असे मला वाटते.

मालधक्क्यावरचे काम नेमके कसे चाले हे जवळून पाहिल्यावाचून त्या दुखापतीचे कारण ध्यानात येणार नाही. प्रेसमधून लोखंडी पट्ट्यांनी आवळून निघालेली रुईची पक्की गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे सुमारे १७८ किलोंची. ती एका माणसाने उचलण्याचा प्रश्नच नसे, तर चार-पाच जण लोखंडी आकड्यांनी तिला उलथवीत, लोटीत, फळीवरून वाघिणीत चढवीत. ज्वारीचे, तुरीचे किंवा सरकीचे पोते मात्र एकट्याच्या पाठीवर जाई. दोघे जण ‘उचल’ देत. तिसरा कंबरेत वाकून पाठ पुढे करी, आणि पोते पाठीवर आदळण्याच्या त्या क्षणी आपला उजवा हात खांद्यावरून मागे नेऊन त्याचा कान पकडी. हात डोक्याच्या पातळीच्या वर, कोपर बाहेर, तळवा मागे, आणि त्या अवस्थेत क्विंटलभर वजनाचा हिसका! त्यानंतर डगमगत्या फळीवरून वाघिणीत जाणे, तेथे थप्पी छातीच्या वर गेलेली असल्यास खांद्याच्या झटक्यानेच पोते वर फेकणे, आणि मोकळ्या हाताने घाम पुसत परत फिरणे. एक फेरा झाला. मोसमात असे फेरे दिवस मावळेपर्यंत चालत, आणि मजुरी नगावर असल्यामुळे फेरा चुकविणे म्हणजे पैसा चुकविणे होते.

मापाच्या बाबतीत वऱ्हाडची ख्याती मोठी आहे. हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित कापूस बाजार १८८६ साली याच यवतमाळ फाट्यावरील कारंजा येथे भरला, आणि १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने दलाल, अडते व मापारी यांना परवाने घेणे भाग पाडून बाजार समित्यांची स्थापना केली. लिनलिथगो यांच्या शेतकी कमिशनने १९२८ च्या अहवालात या व्यवस्थेची विस्ताराने चर्चा केली आहे. काट्यात खोट नसावी, वजनात कसर नसावी, कोणती पट्टी कापावी व किती कापावी हे ठरलेले असावे, अशी त्या कायद्याची इच्छा होती. शेतकऱ्याच्या हिशेबातून कापल्या जाणाऱ्या रकमांत हमालीचे कलम असे, म्हणजे हमाल त्या हिशेबात उपस्थित होता. मात्र एका माणसाने एका वेळी किती वजन उचलावे, यासंबंधी त्या कायद्यात एक अक्षरही नव्हते. कापसाला तोळ्यापर्यंत माप लागले. ओझ्याला लागले नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली या एका उणिवेत आहे, आणि खांद्याच्या उपचारांचा पुढचा सगळा प्रवास हा योग्य माप सापडण्याचाच प्रवास आहे.

खांदा हा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा. दंडाच्या हाडाचे वाटोळे मस्तक ज्या खोबणीत फिरते ती इतकी उथळ की केवळ हाडांच्या भरवशावर ते तेथे टिकणारच नाही. त्याला जागेवर धरून ठेवतात ते पाठीवरच्या अंसफलक नावाच्या हाडापासून निघून मस्तकाला चोहोबाजूंनी वेढणारे चार स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा. या वेढ्यालाच आजचे डॉक्टर ‘रोटेटर कफ’ म्हणतात. त्यांतील वरच्या बाजूची कंडरा अंसकूट नावाच्या हाडाच्या छपराखालून जाते, आणि हात उचलताना छप्पर व मस्तक यांच्या सांदीत तिला जागा अपुरी पडते. वय वाढते तशी ती आतून जीर्ण होते. मोटेचा नाडा जसा एकदम तुटत नाही, चाकावर घासणाऱ्या जागी त्याचा एकेक पदर सुटत जातो आणि तरीही तो पाणी ओढीतच राहतो, तशी ही कंडरा अर्धवट फाटते आणि तरीही काम करीत राहते. हीच ती अर्धवट चीर. बहुधा ती सांध्याच्या, म्हणजे आतल्या बाजूस पडते, त्यामुळे बाहेरून ना सूज दिसते ना रंग बदलतो. हात बाजूने वर नेताना खालच्या टप्प्यात काही नाही, मधल्या टप्प्यात जीवघेणी कळ, आणि अगदी वर गेल्यावर पुन्हा थोडा आराम. रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. सदऱ्याच्या बाहीत हात घालताना दुसऱ्या हाताची मदत लागते. ‘हात वर होतच नाई, अन् रातभर ठनकते’ एवढ्या वऱ्हाडी वाक्यात वैद्यकीय ग्रंथातील मुख्य लक्षणे आली आहेत. हात लुळा पडलेला नसतो, हाड मोडलेले नसते, ताप नसतो. म्हणून मुकादमाच्या दृष्टीने तो माणूस आजारी नसतो.

गावात यावर जे उपाय होत त्यांची परंपरा जुनी आहे, आणि त्यांचा सरसकट उपहास करणे जितके सोपे तितकेच अन्यायाचे आहे. विटेचा, मिठाचा किंवा वाळूच्या पुरचुंडीचा शेक, निर्गुडीच्या पाल्याचे वाफारे, तापविलेली एरंडाची पाने, आंबेहळद व रक्तबोळ यांचा गरम लेप, कोमट तेलाचे मर्दन हे सगळे वेदना कमी करणारे आणि आखडलेले स्नायू सैल करणारे उपाय होत. त्यांनी चीर सांधत नसे, पण झोप लागत असे, आणि झोप हे दुखऱ्या खांद्याचे अर्धे औषध आहे. दाक्षिणात्य वैद्यपरंपरेत अपबाहुकावर, म्हणजे हात न उचलण्याच्या व्याधीवर, जे कार्पासास्थ्यादि तेल वापरले जाते त्यातील मुख्य द्रव्य सरकी आहे. जी सरकी मूर्तिजापूरच्या जिनातून पोत्यांनी निघे आणि जिच्या पोत्यांनी खांदे निकामी होत, तीच त्या तेलात खांद्याच्या कामी येते, ही गोष्ट मला नेहमी विचारात पाडते.

दोन उपाय मात्र निःसंशय अहिताचे होते. पहिला बिब्ब्याचा किंवा तापलेल्या सळईचा डाग, ज्याने जुनी वेदना नव्या वेदनेखाली झाकली जाई आणि वर जखम पिकण्याचे भय राही. दुसरा, खांदा ‘उतरला’ असे समजून हाडवैद्याने दिलेला हिसका. खांदा खरोखर निखळलेला असेल तर अनुभवी हाडवैद्याचा हात खरोखर उपयोगी पडे, आणि खेड्यापाड्यांत हजारो सांधे या लोकांनी बसविले आहेत. परंतु अर्धवट फाटलेल्या कंडरेला जोराने ओढणे म्हणजे राहिलेले पदरही संकटात घालणे. दोन्ही दुखापतींत हात वर होत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्यास त्या सारख्याच भासतात. अडचण होती ती कौशल्याची नव्हे, निदानाची.

निदानाची ही निकड आपल्या प्राचीन ग्रंथकारांना पुरती ठाऊक होती. सुश्रुतसंहितेत सांधे निखळण्याचे सहा व हाडे मोडण्याचे बारा प्रकार वेगवेगळे सांगितले आहेत. खांद्याचा सांधा सुटल्यास काखेत मुसळ देऊन तो उचलावा आणि जागेवर आल्यावर स्वस्तिकबंधाने बांधावा, असा विधी आहे. बंध किती दिवसांनी सोडून पुन्हा बांधावा याचे माप ऋतूप्रमाणे दिले आहे, थंडीत सातव्या दिवशी, समशीतोष्ण काळी पाचव्या आणि उन्हाळ्यात तिसऱ्या. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खांद्यावरील अंस नावाच्या मर्माची गणना त्या ग्रंथाने अस्थिमर्मांत केलेली नसून स्नायुमर्मांत केली आहे, आणि त्याला इजा झाल्यास मृत्यू येत नाही, बाहू ताठरतो, असे त्याचे फळ सांगितले आहे. आणखी एक विधान मला सर्वांत मोलाचे वाटते. हाताची मोड भरून आल्यावर त्यात बळ कसे आणावे हे सांगताना ग्रंथकार प्रथम मातीचा गोळा धरावयास लावतो, आणि हातात शक्ती आली म्हणजे मग दगड. ज्या भाराने शरीर मोडते तोच भार मापाने, पायरीपायरीने दिला असता शरीर पुन्हा उभे राहते, हे तत्त्व त्या एका सूचनेत सामावले आहे. आजच्या भौतिकोपचाराचा सगळा डोलारा याच तत्त्वावर उभा आहे.

वऱ्हाडात ते तत्त्व ग्रंथांपेक्षाही आखाड्यांनी जिवंत ठेवले. अमरावतीस १९१४ साली अंबादासपंत व अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकप्रसंगी त्या मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ जगासमोर सादर केले, हे सर्वश्रुत आहे. अशा आखाड्यांतील वस्ताद हा कुस्ती शिकविणारा तसाच दुखापत जाणणाराही असे. लचक भरलेल्या पठ्ठ्यास तो काही दिवस लाल मातीबाहेर बसवी, तेलाने खांदा चोळी, आणि नंतर हलका मुद्गल हाती देऊन आधी खाली झुलवावयास, मग पाठीमागून फिरवावयास लावी. जड मुद्गल पुष्कळ दिवसांनी येई. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लष्कराने हा व्यायाम उचलला आणि त्यांच्या देशातील व्यायामशाळांत तो ‘इंडियन क्लब’ या नावाने रूढ झाला. मुद्गल फिरविताना दंडाचे मस्तक खोबणीत मध्यभागी धरून ठेवण्याचे काम नेमके त्याच चार स्नायूंना करावे लागते. परंतु आखाड्यातील पठ्ठ्या आणि मालधक्क्यावरील हमाल यांच्यात एक भेद होता. पठ्ठ्यास महिनाभर मातीबाहेर बसता येत असे, कारण घरचे त्याला दूध-बदाम देत. हमाल महिनाभर बसला तर चूल बसे.

पाश्चात्त्य वैद्यकास ही दुखापत उशिरा उमगली. लंडन येथे जे. जी. स्मिथ यांनी प्रेतांच्या परीक्षेवरून खांद्यातील कंडरा तुटल्याची उदाहरणे १८३४ साली प्रसिद्ध केली. १८७२ साली पॅरिसच्या द्युप्ले यांनी सांध्याभोवतीच्या दाहाचे वर्णन केले, आणि मग पुष्कळ वर्षे प्रत्येक दुखऱ्या खांद्यावर तीच एक चिठ्ठी चिकटविली गेली. क्ष-किरणांच्या शोधाने गोंधळ कमी होण्याऐवजी एका अर्थी वाढला, कारण त्या चित्रात हाड दिसते, कंडरा दिसत नाही. ‘फोटो चांगला आहे, काही झालेले नाही’ हे वाक्य तेव्हापासून जे सुरू झाले ते आजही थांबलेले नाही. बॉस्टन येथील अर्नेस्ट ॲमरी कॉडमन यांनी १९०९ साली फाटलेली कंडरा शस्त्रक्रियेने शिवली, १९११ साली तिचे वर्णन छापले, आणि १९३४ साली खांद्यावरचा आपला बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला. हाडालगतच्या काठावर, आतल्या बाजूने पडणाऱ्या अर्धवट चिरा त्यांनीच प्रथम नीट ओळखल्या. कंबरेत वाकून दुखरा हात लोंबता सोडावा आणि लंबकाप्रमाणे हलके झुलवावा, हा त्यांचा व्यायाम आज तालुक्याच्या गावातील भौतिकोपचारतज्ज्ञही पहिल्या दिवशी शिकवितो.

कॉडमन यांचा आणखी एक आग्रह होता, आणि त्यापायी त्यांनी १९१४ साली आपल्या मोठ्या रुग्णालयातील जागा सोडली. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रोग्याची दीर्घकाळ विचारपूस करून त्याला खरोखर गुण आला की नाही याची नोंद ठेवावी आणि ती जाहीर करावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. डॉक्टरांच्या कामालाही माप असावे, हा विचार त्या काळी फार थोड्यांना रुचला.

इकडे १९२३ साली हिंदुस्थानात कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात हात, पाय, बोटे, डोळा यांच्या हानीची टक्केवारी लावलेली होती. गेलेल्या अवयवाला किंमत आली, ही गोष्ट लहान नव्हती. परंतु जो हात जागेवर आहे, हलतो आहे, फक्त खांद्याच्या वर जात नाही, तो कोणत्या टक्केवारीत बसवावयाचा? त्यातून हमाल मक्तेदाराच्या टोळीतला, रोजंदारीचा. अमुक दिवशी अमुक पोते उचलताना दुखापत झाली असा दाखला त्याने आणावा कोठून? अर्धवट चीर ही बहुतेक वेळा एका दिवसाची नसतेच. ती वर्षांच्या फेऱ्यांची बेरीज असते, आणि अदालतीला तारीख लागते.

ज्यांना शक्य होई ते अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात जात, १९४७ नंतर नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात, आणि फारच अडले तर मुंबईस. ज्या मार्गाने गाठी गेल्या त्याच मार्गाने रोगी गेले. मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी ज्यांचे बालपण शेतात राबण्यात गेले, त्या गाडगे महाराजांनी १९५४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभारली. परगावच्या गरिबाला उपचाराइतकीच रात्री अंग टाकण्याच्या जागेची चिंता असते, हे त्यांनी ओळखले होते. वऱ्हाडातल्या एका राबणाऱ्या मुलाला ते उमगावे यात नवल नाही.

१९५० नंतर उपचारांचा वेग वाढला. १९५१ पासून सांध्यात हायड्रोकॉर्टिझोनचे इंजेक्शन देण्याची पद्धत रूढ होऊ लागली, आणि हमालवर्गात ‘खांद्यातली सुई’ हा शब्द परवलीचा झाला. ही सुई काही आठवडे, क्वचित दोन-तीन महिने वेदना दूर ठेवते, आणि त्या अवधीत व्यायाम केला तर तिचे सार्थक होते. परंतु वेदना गेली म्हणून दुसऱ्याच दिवशी पोते उचलले, आणि दुखू लागताच पुन्हा सुई टोचून घेतली, तर कंडरा अधिकच दुबळी होण्याची भीती असते. १९७२ साली अमेरिकेच्या चार्ल्स नीअर यांनी अंसकुटाचा पुढचा भाग तासून कंडरेला जागा करून देण्याची शस्त्रक्रिया वर्णिली, पुढे दुर्बिणीने तीच क्रिया लहान छिद्रांतून होऊ लागली, आणि तिचा जगभर इतका प्रसार झाला की दुखरा खांदा दिसला की हाड तासावे असा जणू दंडकच पडला. अखेरीस २०१८ साली इंग्लंडमधील व फिनलंडमधील अशा दोन चाचण्यांत, फाट नसलेल्या किंवा पूर्ण फाटलेल्या नसलेल्या दुखऱ्या खांद्यांच्या काही रोग्यांचे हाड तासले आणि काहींच्या खांद्यात केवळ दुर्बीण घालून पाहिली, तेव्हा दोन्ही गटांच्या सुधारणेत रोग्याला जाणवावा असा फरक आढळला नाही. कॉडमन मागत होते ते माप शंभर वर्षांनी लागले.

चिरेचे माप मात्र त्याआधीच ठरले होते. १९९० साली एलमन यांनी अर्धवट चिरांच्या तीन पायऱ्या सांगितल्या: ३ मिलिमीटरहून कमी खोल, ३ ते ६, आणि ६ हून अधिक. वरची कंडरा हाडाला चिकटते त्या जागेची रुंदी सुमारे १२ मिलिमीटर, म्हणजे तिसऱ्या पायरीवर निम्म्याहून अधिक पदर सुटलेले असतात. सोनोग्राफी आणि एमआरआय यांमुळे हे माप खांदा न उघडता घेता येऊ लागले. त्या चित्रांनी एक अनपेक्षित गोष्टही दाखविली: १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांचे खांदे मुळीच दुखत नव्हते अशा साठीपुढील लोकांपैकी निम्म्याहून अधिकांच्या कंडरेत कमी-अधिक फाट आढळली. तेव्हा चित्रात चीर दिसली म्हणजे शस्त्रक्रिया अटळ, असे मुळीच नाही.

आज जाणता अस्थिरोगतज्ज्ञ अशा खांद्यास प्रथम काय सांगतो? हात झोळीत बांधून महिनोन्‌महिने ठेवू नका, खांदा आखडेल. खांद्याच्या पातळीवरचे काम व जड उचल मात्र बंद. काही दिवस वेदनाशामक, शेक, कॉडमन यांचा झुलता हात. मग भिंतीला तळवा टेकून केवळ जोर लावणे, मग कोपर अंगाशी धरून रबरी पट्टा ताणणे, मग किलो-दीड किलोचे वजन, आणि पाठीच्या वरच्या भागातील, अंसफलक मागे ओढणाऱ्या स्नायूंचा व्यायाम. हा क्रम साधारण तीन महिने, गरज पडल्यास सहा महिने नेटाने चालवावा लागतो, आणि बहुतेकांना त्यातूनच गुण येतो. चीर भरून येतेच असे नाही, परंतु उरलेले पदर व शेजारचे स्नायू तिचा भार वाटून घेतात. एवढ्यानेही रात्र दुखण्यातच जात असेल, किंवा चीर निम्म्याहून खोल असून हातातील बळ जात असेल, तर दुर्बिणीतून फाटलेले धागे साफ करणे किंवा कंडरा हाडाला पुन्हा शिवणे हे मार्ग आहेत. शिवल्यानंतर चार ते सहा आठवडे हात झोळीत, आणि जड कामावर परतण्यास पाच-सहा महिने. बिडी ओढणाऱ्याची शिवण भरण्यास उशीर लागतो, मधुमेह असेल तर खांदा आखडण्याचा धोका अधिक, हेही त्याला आधीच सांगितले पाहिजे. पुष्कळदा ते सांगितले जात नाही.

या उपचारांत महाग औषध जवळजवळ नाहीच. महाग आहे तो अवधी. तीन महिने खांद्याच्या वर हात न नेता जगण्याची मुभा कारकुनाला आहे, दुकानदाराला आहे. नगावर मजुरी घेणाऱ्याला ती कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर दवाखान्यात सापडत नाही. ते शोधले गेले चळवळीत. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगार संघटित केले, आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा अधिनियम संमत केला, ज्यायोगे नोंदलेल्या हमालाची मजुरी मंडळामार्फत मिळू लागली आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, वैद्यकीय साहाय्य या गोष्टी त्याच्या वाट्यास आल्या. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९६७ साली, आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने प्रौढ पुरुषाने हाताने वाहून न्यावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो असावी अशी शिफारस केली होती. आपल्याकडे क्विंटलचे पोते त्यानंतरही पुष्कळ वर्षे पाठीवर चढत राहिले. आता धान्याचे पोते बहुतेक ठिकाणी ५० किलोंचे झाले आहे. १८९७ साली कापसाला लागलेले माप माणसाच्या पाठीपर्यंत येण्यास एवढा काळ जावा लागला.

मूर्तिजापूरच्या दोन्ही अरुंद फाट्यांवरील गाड्या आता थांबल्या आहेत, आणि ते रुंद करावेत ही मागणी यवतमाळ, कारंजा, दर्यापूर, अचलपूर येथील लोक सातत्याने करीत आले आहेत. एका रुळावरून दुसऱ्या रुळावर माल पाठीने नेण्याचे काम त्यामुळे संपले. कापूस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जिनात येतो आणि पक्क्या गाठी ट्रकमधून परस्पर गिरणीकडे जातात. ट्रॉली रिकामी करणे, सरकीची पोती शिवून ती ट्रकवर चढविणे, थप्पी छातीच्या वर नेणे ही कामे मात्र अजून हातांनीच होतात, आणि ती करणारे अनेक जण माथाडी मंडळाच्या नोंदवहीत नाहीत. मोसम सरल्यावर, चैत्र-वैशाखात, त्यांतले काही दुखरा खांदा धरून उपजिल्हा रुग्णालयाच्या ओळीत उभे राहतात; तोवर चिरेला पाच-सहा महिने झालेले असतात. त्यांना दिवाळीपूर्वी एकदा तपासावे, हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात कळ येते काय एवढेच पाहावे, आणि येत असेल तर त्या मोसमात त्यांना पोती उचलण्याचे काम देण्याऐवजी काट्यावर, मोजणीच्या कामावर बसवावे. जिनमालक, मुकादम आणि आरोग्य खाते यांनी मनावर घेतले तर याला ना यंत्र लागते ना मोठा निधी.